मेंदूतील पाणी आणि घड्याळाची पाच मिनिटे

कला शाखेच्या द्वितीय वर्षात भूगोल घेऊन शिकणाऱ्या मुलीने मेंदूच्या चित्रांवर लेख लिहावा, हे काही वाचकांना आगाऊपणाचे वाटेल. मलाही ते तसेच वाटत होते. परंतु या विषयाकडे मी हौसेने वळले नाही. आमच्या घरी एक कागद आला. तो मला वाचता आला नाही, आणि आपल्याला तो वाचता येत नाही हे कळण्यापूर्वीच मी तो सर्वांना वाचून दाखवून मोकळी झाले होते. त्या चुकीची भरपाई म्हणून गेली दोन वर्षे जे वाचले, ज्यांना ज्यांना विचारले, ते येथे मांडीत आहे. ज्या बहिणीविषयी हे आहे तिची परवानगी घेतली आहे. नाव मात्र लिहायचे नाही, असे तिने बजावले आहे.

आमची वाडी आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या फुगवट्याच्या वरच्या अंगाला आहे. ज्या गावाच्या नावाने तालुका ओळखला जातो ते जुने आंबेगाव याच पाण्याखाली गेले आणि तालुक्याचा कारभार घोडेगावाहून चालतो, हे आपणांस ठाऊक आहेच. दोन वर्षांपूर्वीच्या आषाढात आमच्या खाचरात भाताची आवणी चालू होती. धाकटी बहीण तेव्हा आठवीत होती. रोपांच्या जुड्या बांधावरून पोचवता पोचवता ती खाली बसली, मान उजवीकडे वळली, आणि पाहता पाहता सगळे अंग ताठ झाले. मग झटके सुरू झाले. कोणी चप्पल हुंगवली, कोणी कांदा फोडून नाकाशी धरला. एका शेजाऱ्याने दातखीळ बसू नये म्हणून चमच्याचा दांडा तोंडात घातला, त्यात तिच्या पुढच्या दाताचा तुकडा पडला. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. झटके काही थांबेनात. भाजीची पिकअप गाडी मिळाली, तिच्यात घालून तिला घोडेगावला नेले. तिथे इंजेक्शन दिल्यावर अंग सैल पडले, पण उजव्या हाताची बोटे हलतच राहिली. ती थांबली मंचरला. तेथून पुणे.

पुण्यात डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "झटका किती मिनिटे चालला?" आमच्यापैकी कोणीच घड्याळ पाहिले नव्हते. चुलते म्हणाले पाचेक मिनिटे, आई म्हणाली तासभर, आजी म्हणाली, "भाकरीचं पीठ मळून चार भाकरी होतील एवढा येळ तर बांधावरच गेला." शेवटी गाडी कधी निघाली, घाट कधी उतरला, यावरून बाईंनीच हिशेब केला. चाळीस मिनिटांहून अधिक.

तिसऱ्या दिवशी एम.आर.आय. झाला. संध्याकाळी लिफाफा हाती आला. बाबा चौथीपर्यंत शिकलेले, आई शाळेत गेलेली नाही. बारावीत इंग्रजीला बरे गुण मिळविणारी मी एकटीच. बाबा म्हणाले, "काय लिवलंय गं त्यात?" कागदावर डाव्या बाजूच्या हिप्पोकॅम्पसमध्ये आणि थॅलॅमसच्या मागील भागात 'रिस्ट्रिक्टेड डिफ्यूजन' असल्याचे लिहिले होते. रिस्ट्रिक्ट म्हणजे निर्बंध घालणे, डिफ्यूजन म्हणजे पसरणे. मी सांगितले, "बाबा, पसरायला अटकाव झालाय म्हणे. दुखणं आहे तिथंच थांबलंय." आईने भीमाशंकराच्या दिशेने हात जोडले. बाबांनी खालच्या टपरीवरून सगळ्यांसाठी चहा आणला, शेजारच्या खाटेवरील माणसांनाही दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी ती चित्रे खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाल्या, "इथे पाणी अडलंय. पेशी फुगल्यात." बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिले. बोलले काहीच नाहीत.

अडलेले पाणी म्हणजे काय, हा या लेखाचा विषय. पण त्याआधी दुखण्याविषयी थोडे सांगायला हवे.

आपण त्याला फेफरे, आकडी, मिरगी किंवा नुसते फीट येणे म्हणतो. आयुर्वेदात अपस्मार हे नाव आहे आणि चरकसंहितेत त्याचे वर्णन आहे. मेंदूतील पेशी एकमेकींशी विजेच्या सूक्ष्म लहरींनी बोलतात. हे बोलणे एरव्ही आळीपाळीने चालते. कधी कधी पेशींचा एक मोठा समूह एकाच वेळी एकाच तालात ओरडू लागतो. ते म्हणजे झटका. त्याला भुताखेताचा, देवीच्या कोपाचा संबंध नाही आणि वेडाचाही नाही. भारतात या विकाराच्या रुग्णांची संख्या एक कोटीच्या घरात सांगितली जाते. कारणे अनेक आहेत. जन्माच्या वेळी मेंदूला झालेली इजा, डोक्याला मार, मेंदूज्वर, आणि आपल्या देशात विशेष करून आढळणारी एका पट्टकृमीची अंडी. हा कृमी डुकराच्या मांसातला खरा, पण त्याची अंडी न धुतलेल्या भाजीतून वा अस्वच्छ हातांतून पोटात जातात. त्यामुळे माळकऱ्यालाही ती गाठ मेंदूत होऊ शकते. बहिणीच्या मेंदूत अशी गाठ आहे काय हे पाहण्यासाठीच मुळात तो एम.आर.आय. काढला होता. गाठ नव्हती.

बहुतेक झटके एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतात. मेंदूत आवर घालणारी व्यवस्थाही असते, ती जोर धरते आणि ओरड शमते. ज्या वेळी ती व्यवस्था हरते त्या वेळी झटका लांबतो. यालाच वैद्यकात 'स्टेटस एपिलेप्टिकस' म्हणतात; आपण दीर्घ झटका म्हणू. पूर्वी अर्धा तास चाललेल्या झटक्यालाच हे नाव देत असत. आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघटनेने २०१५ साली नवी व्याख्या केली आणि तीत दोन वेळा सांगितल्या. सर्वांगाला झटके येत असतील तर ५ मिनिटे ही पहिली खूण: एवढ्यात थांबला नाही तर तो आपोआप थांबण्याचा भरवसा धरू नये, उपचार सुरू करावेत. ३० मिनिटे ही दुसरी: येथून पुढे मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका. आमचे चाळीस मिनिटांचे गणित या दोन्ही खुणांच्या पलीकडचे होते.

आता पाणी. मेंदूचा पाऊण भाग पाणीच आहे, आणि हे पाणी स्वस्थ नसते. रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२७ साली पाण्यातील परागांचे सूक्ष्म कण सूक्ष्मदर्शकाखाली सारखे थरथरताना पाहिले. आइन्स्टाइनने १९०५ साली त्याचे गणित मांडले: पाण्याचे अदृश्य रेणू सर्व बाजूंनी धक्के देत असतात, म्हणून कण नाचतो. रेणू स्वतःही असेच भरकटत दूर जातात. या भरकटण्याला शास्त्रीय मराठीत विसरण असा शब्द आहे. मी 'पसरणे' म्हणून भाषांतर केले ते हेच. फक्त पसरत होते ते पाणी, रोग नव्हे. शरीराच्या उष्णतेला मोकळ्या पाण्यातला रेणू एका सेकंदाच्या विसाव्या भागात एका दिशेने सरासरी १७ मायक्रॉन सरकतो, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण चौथ्या हिश्शाइतका. मेंदूत त्याला पेशींच्या भिंती आडव्या येतात, त्यामुळे विसरणाचे माप तिपटी-चौपटीने कमी भरते.

आमच्याकडची भातखाचरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे लगेच उमगेल. उतारावर पायऱ्या पायऱ्यांनी खाचरे, प्रत्येकाला बांध, आणि बांधांना बांध लागून मध्ये अरुंद पाट. पाटातले पाणी बऱ्यापैकी हिंडते, खाचरातले कोंडलेले असते. आता कल्पना करा की सगळी खाचरे एकाएकी फुगली आणि त्यांचे बांध एकमेकांना भिडले. पाट चिंचोळे होतील आणि जे पाणी हिंडत होते त्यातले बरेचसे खाचरांच्या आत कोंडले जाईल. एकूण पाणी तेवढेच राहील, पण त्याची चाल मंदावेल.

दीर्घ झटक्यात नेमके हेच घडते. पेशी एकेक ओरड करते तेव्हा सोडियमचे कण आत शिरतात, पोटॅशियमचे बाहेर पडतात. हे कण पुन्हा ज्याच्या त्याच्या जागी नेऊन ठेवण्यासाठी पेशीच्या भिंतीत पंप असतो. पंपाला इंधन लागते. झटक्याच्या सुरुवातीला मेंदूकडे जाणारे रक्त वाढते आणि इंधन पुरते. पण ओरड चालूच राहिली तर मागणी पुरवठ्याच्या पुढे जाते. पंप मागे पडतो, सोडियम आत साचतो, सोबत कॅल्शियमही येतो, आणि मिठाच्या मागे पाणी जावे तसे पाणी पेशीत शिरते. पेशी फुगते. पेशीपेशींमधील फट, जी एरव्ही मेंदूच्या आकारमानाचा जवळजवळ पाचवा हिस्सा असते, ती आकसते. पाणी अडते.

पण कवटीच्या आतल्या पाण्याची चाल बाहेरून कशी मोजावी? येथे मी बरेच दिवस अडले होते. शेवटी आपल्या शेजारच्या जुन्नर तालुक्यातले खोडद उपयोगी पडले.

नारायणगावच्या पूर्वेला खोडदची महाकाय दुर्बीण आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. विज्ञानदिनाच्या प्रदर्शनाला शाळेतून आम्हांलाही नेले होते. त्या वेळी मी फक्त वडापाव आणि तबकड्यांची उंची एवढेच लक्षात ठेवले. प्राध्यापक गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. १४ मध्यभागी, आणि १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत विखुरलेल्या. आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी ती ऐकते. त्यांतली एक महत्त्वाची लहर हायड्रोजनच्या अणूची, २१ सेंटिमीटर लांबीची. हायड्रोजनचे केंद्र म्हणजे एक प्रोटॉन. त्याच्या अंगी भोवऱ्यासारखी एक फिरकी असते, त्याच्याभोवतीच्या इलेक्ट्रॉनच्या अंगीही असते, आणि या दोघांच्या फिरकीचा मेळ बदलला की ही लहर बाहेर पडते. २०२३ साली जाहीर झाले की खोडदच्या तबकड्यांनी एका अतिदूरच्या दीर्घिकेतील हायड्रोजनची लहर टिपली. वाटेत विश्व प्रसरण पावल्यामुळे ती ताणून ४८ सेंटिमीटरची झाली होती.

एम.आर.आय. यंत्रही हायड्रोजनलाच ऐकते. पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू. यंत्राचा चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटींहून अधिक ताकदीचा असतो. त्यात प्रोटॉनची फिरकी एका बाजूला कलते आणि भोवरा मंदावताना डोलतो तशी डोलू लागते. बाहेरून नेमक्या त्याच तालाची रेडिओलहर दिली की प्रोटॉन ती घेतात, आणि लहर बंद केल्यावर आपली क्षीण हाक परत देतात. ती हाक एका गुंडाळीत पकडायची. आपल्याकडच्या इस्पितळांतील दीड टेस्लाच्या यंत्रात हा ताल सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख आवर्तनांचा, म्हणजे एफ.एम. केंद्रांच्या पट्ट्याच्या थोडा खाली. म्हणून तर यंत्राच्या खोलीला धातूचे अस्तर असते: बाहेरच्या रेडिओचा गोंगाट आत येऊ नये. खोडदच्या आवारात मोबाईल बंद ठेवायला लावतात ते अशाच कारणाने.

हा मेळ माझ्या मनाचा नाही. एडवर्ड पर्सेल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४६ च्या सुमारास चुंबकात ठेवलेल्या प्रोटॉनची हाक प्रथम पकडली. त्याच वेळी फेलिक्स ब्लॉक यांनीही स्वतंत्रपणे पकडली, आणि दोघांना १९५२ चे नोबेल मिळाले. याच पर्सेल यांनी हॅरल्ड युएन या आपल्या विद्यार्थ्यासह १९५१ साली आकाशातील हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची लहर प्रथम टिपली. म्हणजे खोडदच्या तबकड्या आणि पुण्यातले ते बोगद्यासारखे यंत्र यांचा एक पूर्वज समान आहे. मला हे कळले त्या दिवशी मी वर्गात भलतीच खूश होते. भूगोलाच्या बाईंनी कारण विचारले ते मला धड सांगता आले नाही.

हाक पकडणे झाले, पण तिच्यावरून चाल कशी कळते? पदार्थविज्ञानाच्या एका सरांनी मला शाळेतल्या कवायतीचे उदाहरण तयार करायला लावले, ते असे. मैदानावर रांगा आहेत. पहिल्या शिट्टीला प्रत्येकाने आपल्या रांगेच्या क्रमांकाइतके अंश उजवीकडे वळायचे: पहिल्या रांगेने एक अंश, दहाव्या रांगेने दहा. मग थोडा वेळ थांबायचे. दुसऱ्या शिट्टीला ज्या रांगेत उभे असाल तिच्या क्रमांकाइतके डावीकडे वळायचे. जो जागचा हलला नाही तो पुन्हा नाकासमोर पाहू लागेल. मधल्या वेळात जो दुसऱ्या रांगेत गेला तो तिरका राहील. सगळे जागेवर असतील तर 'एक साथ नमस्ते' खणखणीत येईल, बरेच जण सरकले असतील तर आवाज विस्कटेल. यंत्र दोन शिट्ट्यांच्या जागी चुंबकत्वाचे दोन उतार देते. ही युक्ती स्टेजस्काल आणि टॅनर यांनी १९६५ साली सांगितली. ती मेंदूच्या चित्रांना लावण्याचे काम पॅरिसमध्ये देनी ल बियाँ यांनी १९८५-८६ च्या सुमारास केले. जेथे पाणी मोकळे हिंडते तेथली हाक विस्कटते व चित्र काळवंडते. जेथे पाणी अडले आहे तेथली हाक खणखणीत येते व चित्र उजळते. बहिणीच्या मेंदूत डाव्या बाजूला जो पांढरा ठिपका मी पाहिला आणि ज्याला मी चांगले चिन्ह समजले, तो हा उजेड.

नुसत्या उजेडावर विश्वास ठेवायचा नसतो, हेही येथेच सांगते. पाणी इतर कारणांनीही उजळ दिसू शकते. म्हणून संगणक दुसरा एक नकाशा काढतो, त्यात प्रत्यक्ष विसरणाचे माप असते. एका नकाशात उजळ आणि दुसऱ्यात काळे असेल तरच पाणी खरोखर अडले म्हणायचे. भूगोलाच्या विद्यार्थ्याला हे नवे नाही. एका नकाशावरून जमिनीची पारख कोणी करीत नाही.

या पद्धतीचे पहिले मोठे यश पक्षाघातात दिसले. अमेरिकेत मायकेल मोझ्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली मांजरांच्या मेंदूत दाखविले की रक्तपुरवठा तुटल्यावर, इतर चित्रांत काही दिसण्यापूर्वीच, विसरणाच्या चित्रात इजा दिसू लागते. १९९३ साली येल विद्यापीठातील संशोधकांनी उंदरांत औषधाने दीर्घ झटका घडवून मोजमाप घेतले, तेव्हा तेथेही पाण्याची चाल मंदावलेली आढळली. महत्त्वाची गोष्ट अशी की पक्षाघातात पेशी उपाशी असतात, झटक्यात त्या राबून राबून थकलेल्या असतात. दोन्हीकडे पंप हरतो, पेशी फुगते. मग डॉक्टर फरक कसा ओळखतात? पक्षाघाताचा डाग एखाद्या रक्तवाहिनीच्या हद्दीत बसतो, कालव्याची एक चारी बंद पडली तर तिच्याखालचीच शेते वाळावीत तसा. झटक्याचा डाग असल्या हद्दी पाळत नाही. तो मेंदूच्या पृष्ठावर, हिप्पोकॅम्पसमध्ये आणि थॅलॅमसच्या मागच्या कोपऱ्यात आढळतो, आणि तिथले रक्त कमी न होता अनेकदा वाढलेले असते.

आणि पुष्कळदा हा डाग जातो. काही दिवसांत, काही आठवड्यांत पंप पुन्हा काम करू लागतो, पेशी ओसरतात, चित्र पूर्ववत होते. काही वेळा मात्र डाग जातो आणि मागे जागा आकसलेली राहते. हिप्पोकॅम्पस ही नव्या आठवणी रुजविणारी जागा आहे. पाण्यातल्या घोड्यासारख्या दिसणाऱ्या माशाचे नाव तिला दिले आहे. नेमकी हीच जागा दीर्घ झटक्याला सर्वांत हळवी.

येथे एक जुना वाद आहे आणि तो आमच्या घरातही झाला. ज्यांना पुढे अपस्मार होतो त्यांच्यातल्या अनेकांचा हिप्पोकॅम्पस आकसलेला असतो, आणि त्यांतल्या काहींना लहानपणी तापात मोठी आकडी आलेली असते. मग आकडीने हिप्पोकॅम्पस बिघडला, की तो आधीच कच्चा होता म्हणून आकडी लांबली? आजीने सांगितले की बहीण दीड वर्षाची असताना तापात तिचे डोळे फिरले होते आणि तेव्हाही "लई येळ" लागला होता. आम्हां कोणाच्या ते ध्यानातच नव्हते. अमेरिकेत या प्रश्नासाठी तापात अर्धा तास वा अधिक आकडी आलेल्या मुलांचा मोठा अभ्यास झाला. २०१२ साली त्याचा अहवाल आला. १९१ मुलांपैकी २२ जणांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये आकडीनंतर लगेच काढलेल्या चित्रांत निश्चित वा संशयास्पद बदल दिसला. साधी छोटी आकडी आलेल्या मुलांत एकाच्याही दिसला नाही. त्या २२ पैकी १४ जणांचे एका वर्षाने पुन्हा चित्र काढता आले, त्यांतल्या १० जणांचा हिप्पोकॅम्पस घट्ट व आकसलेला झाला होता. लंडनमधल्या एका अभ्यासात, तो २००६ साली प्रसिद्ध झाला, अशा मुलांत पाणी पेशींच्या आत न अडता बाहेरच्या फटीत साचून सूज आल्याचे विसरणाच्या मापावरून दिसले, आणि पुढे ती ओसरली. म्हणजे चित्र कोणत्या तासाला, कोणत्या दिवशी काढले यावर ते काय सांगते हे अवलंबून. माझ्या समजुतीप्रमाणे दीर्घ आकडी इजा करू शकते हे आता पुरेसे स्पष्ट आहे. पण आकडी आलेल्या दर मुलाला ती होते, असे कोणी घाबरवू लागले तर ऐकू नये. १९१ पैकी १६९ मुलांत तसे काही दिसले नव्हते.

चार महिन्यांनी बहिणीचा दुसरा एम.आर.आय. झाला. या वेळी लिफाफा मी उघडला नाही, तसाच बाईंकडे नेला. पांढरा ठिपका गेला होता. डावी बाजू उजवीपेक्षा किंचित लहान दिसते, असे त्या म्हणाल्या. हे आता झाले की दीड वर्षाच्या वयात, याचे उत्तर चित्रात नाही, कारण आधीचे चित्रच नाही. ती शाळेत जाते. गोळ्या वेळेवर घेते. गणित पूर्वीसारखेच येते, नव्या माणसांची नावे मात्र तिला दोनदा सांगावी लागतात. पूर्वीही लागत होती काय, हे आम्ही कोणी पाहिले नव्हते.

मग पाच मिनिटांचे काय, असे कोणी विचारील. एम.आर.आय. पुण्यात, चाळीस मिनिटे आमच्या बांधावर. खरे आहे. पण झटका जितका लांबतो तितके औषध कमी लागू पडते, हेही पेशींच्या अभ्यासातून कळले आहे. झटका शमविणारी पहिली औषधे पेशीच्या भिंतीवरील ज्या ठाण्यांवर काम करतात, ती ठाणीच पेशी हळूहळू आत ओढून घेते. उशिरा आलेल्या औषधाला दार सापडत नाही. पहिल्या औषधाने न थांबलेल्या झटक्यांवर तीन वेगवेगळी औषधे ताडून पाहणारी अमेरिकेतील चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिन्ही औषधे सारखीच ठरली, आणि प्रत्येकाने निम्म्याहून थोड्या कमी रुग्णांचाच झटका थांबला. म्हणून पहिली संधी बांधावरच साधायला हवी.

बाईंनी आम्हांला सांगितले ते असे: कुशीवर वळवा, गळ्याभोवतीचे सैल करा, आसपासची दगडधोंडी बाजूला सारा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, पाणी, काहीही घालू नका. चप्पल आणि कांद्याने काही होत नाही; बहुतेक झटके तेवढ्या वेळात आपोआप थांबतात आणि श्रेय कांद्याला जाते. घड्याळ पाहा. पाच मिनिटे झाली तर नाकात मारायचा मिडॅझोलॅमचा फवारा, बाईंनी लिहून दिला आहे तेवढाच, आणि लगेच १०८ ला फोन. आमच्या वाडीत फोनला रेंज बांधाच्या टोकावर येते, म्हणून ते काम माझ्या चुलत्यांकडे दिले आहे.

आईची काळजी निराळी होती. "कुनाला सांगू नगं. उद्या तुमच्या दोघींची लग्नं व्हायाचीत." हे मी येथे लिहिते आहे ते तिला अजून सांगितलेले नाही. पण तिची भीती निराधारही नव्हती. १९७६ साली विवाहविषयक कायद्यांत दुरुस्ती झाली तेव्हा वारंवार येणारा अपस्मार विवाहाच्या आड येणाऱ्या गोष्टींत वेडाच्या जोडीने लिहिला गेला. तो शब्द काढायला १९९९ साल उजाडले. कागदावरून गेला, ओसरीवरून अजून जायचा आहे. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी सुरू केलेले 'संवेदना फाउंडेशन' अशा रुग्णांना एकत्र आणते, त्यांच्या विवाहांसाठीही धडपडते. मी आईला एवढेच म्हटले की बहिणीला आहे म्हणून मला होईलच असे नाही, आणि मला झाले तरी लपवून केलेल्या लग्नात गोळ्या कुठे लपवणार? ती म्हणाली, "तू लई शिकलीस." ते कौतुक होते की नव्हते, मला सांगता येत नाही.

फवारा आमच्या घरी देव्हाऱ्याच्या शेजारच्या कोनाड्यात असतो. दिवसा घरी बहुधा आजी एकटीच असते आणि तिला घड्याळ कळत नाही. पाच मिनिटे म्हणजे किती, हे तिला भाकऱ्यांच्या हिशेबात सांगून पाहिले, पण तिच्या भाकरीचा वेग सगळ्यांहून निराळा. शेवटी बहिणीनेच तोड काढली. भिंतीवरचे घड्याळ खाली उतरवून ती आजीजवळ बसली आणि म्हणाली, "आजी, मोठा काटा बघ. मी पडले तेव्हा तो ज्या आकड्यावर असेल, तिथून पुढच्या आकड्यावर गेला की फवारा घ्यायचा." आजीने काटा बोटाने धरून एका आकड्यावरून दुसऱ्यावर फिरवून पाहिला. मग म्हणाली, "एवढंच व्हय? आन् घड्याळ बंद पडलं असलं तर?" त्या दिवसापासून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ती मला सेल बदलायला लावते, जुना चालू असला तरीही.